तरुणांची रोजगारसिद्धता: महाराष्ट्रातील एका दीर्घ वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

शिकून तयार झालेल्या तरुणास योग्य काम मिळावे, ते मिळताना त्याची जात, लिंग, शारीरिक व्यंग किंवा गावाचे अंतर आडवे येऊ नये, आणि आज हस्तगत केलेली विद्या वीस वर्षांनी निरुपयोगी ठरू नये, अशा तीन अपेक्षा एकत्र बांधल्या म्हणजे जो प्रश्न उभा राहतो त्यास हल्ली सर्वसमावेशक व शाश्वत रोजगाराची तयारी असे नाव देण्यात येते. नाव अलीकडचे असले तरी महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा निदान एकशेचाळीस वर्षे चालू आहे, आणि तिच्यातील बहुतेक मुख्य भूमिका स्वातंत्र्यापूर्वीच मांडल्या गेल्या होत्या.

प्रश्नाची आजची तीव्रता एका विरोधाभासात दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के, तर ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांतील बेकारी ३.४ टक्के होती. निरक्षर माणसाला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो. शिकलेला मुलगा मात्र घरच्यांच्या आधारावर चांगल्या कामाची वाट पाहत राहतो, स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकेत वर्षे काढतो आणि पाहणीच्या तक्त्यात बेकार म्हणून नोंदला जातो. या आकड्यांवरून शिक्षण निष्फळ ठरले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. परंतु शिक्षणाने जागवलेली अपेक्षा आणि अर्थव्यवस्थेने देऊ केलेले काम यांची गाठ पडत नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत पंधरा ते एकोणतीस वयोगटातील बेकारी २०१७–१८ मध्ये १७.८ टक्के होती, ती २०२३–२४ मध्ये १०.२ टक्क्यांवर आली. ही घट खऱ्या रोजगारवाढीची निदर्शक आहे, की नाइलाजाने घरच्या शेतीत व किरकोळ धंद्यात परतलेल्या माणसांची, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही.

पूर्वपीठिका

इंग्रजी अमलात या प्रांतातील धंदेशिक्षणाचा आरंभ सरकारी गरजेतून झाला. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा जो वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती मुख्यतः गिरण्यांच्या वाढत्या मागणीकरिता. काम आधी, शिक्षण मागाहून, असा हा क्रम होता. पुढे तो उलटला आणि शिक्षण आधी व काम मागाहून शोधावयाचे अशी रीत पडली, तेथूनच आजच्या बऱ्याच अडचणींस प्रारंभ झाला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच काळात १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा शिक्षणावरील पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणात मुरतो, आणि ज्या शेतकऱ्यांच्या साऱ्यातून तो जमा होतो त्यांची मुले प्राथमिक शाळेपासूनही वंचित राहतात, अशी त्यांची मुख्य तक्रार होती. आणि प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी त्यांची सूचना होती. शिक्षण उपयुक्त असावे आणि ते सर्वांना मिळावे, या दोन मागण्या फुल्यांनी एका अर्जात मांडल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण नंतरच्या काळात उपयुक्ततेचा पक्ष आणि समतेचा पक्ष बहुधा वेगळे चालले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले आणि यंत्रविद्या व रंगविद्या देशी भाषेतून शिकवता येते हे प्रत्यक्ष दाखवले. हा धागा पुढे जवळजवळ तुटला.

स्त्रियांच्या बाबतीत पुढाकार सरकारचा नव्हता, संस्थांचा होता. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांना विणकाम, छपाई यांसारखे उद्योग शिकवले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ पासून उभारलेल्या हिंगण्याच्या कार्यातून विधवांना शिक्षिका होण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यास सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रिया पाठवल्या, त्या वेळी हा व्यवसाय घरंदाज कुटुंबांत निषिद्ध मानला जात होता. कोणते काम प्रतिष्ठेचे आणि कोणते कमीपणाचे, ही समजूत बदलल्याखेरीज प्रशिक्षणाचा उपयोग नाही, हे या मंडळींनी ओळखले होते.

वर्धा आणि सातारा

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली व झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योग हा एक जादा विषय न ठेवता त्याच्याच आधाराने गणित, भूगोल, इतिहास शिकवावा आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च शक्य तितका निघावा, ही त्या योजनेची दोन अंगे होती. पहिल्या अंगाविषयी मतभेद थोडे होते. दुसऱ्या अंगावर मात्र तेव्हापासूनच आक्षेप घेण्यात आला, की शाळा स्वावलंबी करण्याच्या भरात मुले मजूर होतील आणि शाळेचा स्वस्त माल खऱ्या कारागिराच्या पोटावर पाय आणील. स्वातंत्र्यानंतर या योजनेवरील बुनियादी शाळा काही काळ निघाल्या, चालल्या आणि मंदावल्या. शिकलेली मुले पुढे कोणत्या माध्यमिक शाळेत जाणार, याची तजवीज नसल्याने पालकांनी त्या शाळा गरिबांच्या शाळा समजून टाळल्या, हे त्यांच्या अपयशाचे एक मोठे कारण होय.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेचा मार्ग निराळा होता. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहत, शेतात व बांधकामावर राबत आणि त्या कमाईवर शिकत; १९४७ साली साताऱ्यास निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेजही कमवा व शिका याच पायावर उभे राहिले. येथे श्रम हा अभ्यासक्रमाचा विषय नव्हता, शिक्षणाची किंमत चुकवण्याचे ते साधन होते, आणि शेवटी मिळावयाची पदवी इतरांसारखीच होती. वर्ध्याची योजना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने अधिक खोल असेल. परंतु खेड्यातील गरीब कुटुंबाने साताऱ्याची वाट अधिक विश्वासाने धरली, कारण ती वाट त्यांच्या मुलाला मुख्य रस्त्यावर नेऊन सोडत होती. या दोन प्रयोगांतील फरक हा साऱ्या वादाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळणे भाग पडले.

स्वातंत्र्योत्तर धोरणे

१९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडचे आयटीआय, सुरू झाल्या. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री हे त्यांचे जुने व्यवसाय पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर व नाशिकच्या कारखान्यांना दोन पिढ्या माणसे पुरवीत आले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे कायदेशीर बंधन घातले. पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते, कार्यानुभवाची कल्पना पुढे आणली आणि दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी धंदेशिक्षणाकडे वळावे असे ध्येय ठेवले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते ध्येय खाली आणून उच्च माध्यमिक स्तरावर १९९० पर्यंत दहा टक्के व १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असे ठरवले. तेही साधले नाही. महाराष्ट्रात या धोरणाखाली कनिष्ठ महाविद्यालयांतून किमान कौशल्याचे अभ्यासक्रम निघाले. शाळांतील कार्यानुभवाचा तास मात्र अनेक ठिकाणी कागदी फुले आणि शोभेच्या वस्तू यांपलीकडे गेला नाही.

एकविसाव्या शतकात शब्द बदलला आणि धंदेशिक्षणाच्या जागी कौशल्यविकास आला. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्यविकास धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षित करण्याचे लक्ष्य जाहीर केले. २०१५ मध्ये नव्या धोरणासह कौशल्य भारत अभियान व प्रधानमंत्री कौशल्यविकास योजना आली, तिच्यात थोड्या महिन्यांच्या, कधी थोड्या आठवड्यांच्या अभ्यासक्रमांवर भर होता. प्रशिक्षणाचे महानिदेशक राहिलेले शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांच्या कारभारावर आणि प्रशिक्षण देणारे व परीक्षा घेणारे यांच्या गुंतलेल्या हितसंबंधांवर स्पष्ट बोट ठेवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा व उच्च शिक्षण मिळून निदान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा असे म्हटले, आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे पाठवण्याची सूचना केली. महाराष्ट्र राज्याने याच सुमारास स्वतंत्र कौशल्य विद्यापीठ काढले, आणि २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन देऊन कचेऱ्या-कारखान्यांत प्रत्यक्ष काम शिकवण्याची तरतूद केली. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्या प्रशिक्षणार्थ्यांनी लवकरच रस्त्यावर येऊन विचारला.

तीन भूमिका

आजच्या चर्चेत तीन भूमिका ठळकपणे दिसतात, आणि प्रत्येकीच्या बाजूला वजनदार पुरावा आहे.

पहिली भूमिका कौशल्याच्या तुटीची. कारखानदारांच्या संघटना आणि सरकारी धोरणे बहुधा तिच्यावर उभी असतात. २०२० च्या धोरणानेच बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन सांगितले आहे, की एकोणीस ते चोवीस वयाच्या श्रमिकांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले भारतात पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहेत. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यास चांगला संधाता मिळत नाही आणि त्याच तालुक्यात कलाशाखेचे शेकडो पदवीधर रिकामे आहेत, ही वस्तुस्थिती या पक्षाच्या हाती असते. या तुलनेत एक उणीव मात्र आहे. इचलकरंजीचा यंत्रमागावरचा कामगार, पैठणचा विणकर, मुंबईतील गॅरेजमधला मेकॅनिक यांनी आपली विद्या घरात किंवा उस्तादाच्या हाताखाली कमावली आहे. ती औपचारिक सदरात मोजली जात नाही, म्हणून ती नाहीच असे धरले जाते.

दुसरी भूमिका मागणीच्या तुटीची. शिक्षण कितीही सुधारले तरी कारखाने, दुकाने, रुग्णालये, शाळा पुरेशा जागा निर्माण करीत नसतील तर प्रशिक्षणाने फक्त रांगेतील माणसांचा क्रम बदलतो, रांग लहान होत नाही, असे या पक्षाचे म्हणणे. महाराष्ट्रात या विचारास मोठी परंपरा आहे. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात ग्रामीण सार्वजनिक कामांद्वारे रोजगार पुरवण्याची शिफारस केली; वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या दाहातून, रोजगार हमी योजना आकारास आली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाचा हक्क राज्याने कायद्याने मान्य केला, ही घटना लहान नव्हे. पण हमीचे काम म्हणजे खडी, माती आणि पाझर तलाव. शिकलेल्या मुलाला ते नको असते, आणि त्याला हवे असलेल्या कामाची हमी कोणत्याही सरकारने दिलेली नाही. शिवाय जे नवे काम वाढले आहे त्याचे स्वरूप अस्थिर आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये असा अंदाज केला, की मोबाइलवरील ॲपच्या आधारे घरपोच सेवा देणारे व तत्सम कामगार २०२०–२१ मध्ये ७७ लाख होते, ते २०२९–३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जातील. मोटारसायकल व मोबाइल एवढ्या भांडवलावर मिळणारे हे काम तरुणांना ताबडतोब पैसा देते; मात्र त्यात वरची पायरी नाही.

तिसरी भूमिका विषमतेची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्था ही श्रमाबरोबरच श्रमिकांचीही विभागणी आहे, असे दाखवून दिले होते. त्यांच्या विचाराच्या वाटेने जाणारे अभ्यासक विचारतात, की ज्या समाजात हाताचे काम जन्माने वाटून दिले गेले, तेथे दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्तांच्या मुलांना आठवी-दहावीतच कौशल्याकडे वळवणे म्हणजे जुनीच वाटणी नव्या प्रमाणपत्रावर लिहिणे तर होणार नाही ना? वकिलाचा किंवा प्राध्यापकाचा मुलगा आयटीआयला गेल्याचे उदाहरण कोणास सहज आठवते काय? हा आक्षेप कौशल्याविरुद्ध आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. वाट एकेरी असण्याला हा आक्षेप आहे. जोडारीचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलास पदविकेला, तेथून पदवीला आणि संशोधनाला जाता येत असेल, आणि तसे जाणारे खरोखर दिसत असतील, तर आक्षेपाची धार बरीच बोथट होते. कागदावर अशी सोय आज झालेली आहे. दोन वर्षे आयटीआय केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. प्रत्यक्षात इंग्रजी पुस्तके, गणिताची कच्ची तयारी आणि घरी लवकर पैसे पाठवण्याची निकड यांमुळे ती वाट थोडेच चालतात. या तिसऱ्या भूमिकेला आजच्या सरकारी दस्तऐवजांत सर्वांत कमी जागा मिळते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती सर्वांत अधिक मिळावयास हवी.

कोण बाहेर राहते

सर्वसमावेशकता हा शब्द धोरणांत सढळ हाताने वापरला जातो, म्हणून बाहेर राहणाऱ्यांची नावे घेणे बरे. श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७–१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३–२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, ही वाढ मोठी आहे. परंतु तिच्यातील बराच भाग शेतीतील स्वयंरोजगाराचा व घरच्या धंद्यात बिनमोबदला राबण्याचा आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत, आणि तरीही मुलींची गर्दी शिवणकाम व सौंदर्यप्रसाधन या व्यवसायांकडे असते. वीजतंत्रीच्या वर्गात मुलगी का येत नाही याची कारणे वर्गाबाहेर सापडतात: वसतिगृह नाही, रात्रीच्या पाळीनंतर परतण्यास बस नाही, लहान कारखान्यात स्वच्छतागृह नाही.

बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती चार-सहा महिने फडावर राबते, आणि मुलांची शाळा मधेच तुटते. या मुलांसाठी साखरशाळा काही काळ चालल्या. अलीकडे ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र महामंडळ व त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली आहे. त्याच वेळी फडात तोडणीयंत्रे उतरू लागली आहेत. म्हणजे ज्या कष्टातून ही मुले सुटावीत असे आपण म्हणतो ते काम त्यांच्या डोळ्यांदेखत यंत्राकडे जाईल, आणि त्या यंत्राचा चालक व दुरुस्ती करणारा त्यांच्यापैकी कोणी असेल की नाही, हे पुढील काही वर्षांतच ठरेल. या विषयावर महाराष्ट्रात जितकी चर्चा व्हावयास पाहिजे तिच्या शतांशही होत नाही.

दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत नेले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. खाजगी क्षेत्राविषयी कायद्याची भाषा प्रोत्साहनापुरती आहे, आणि नवा रोजगार मुख्यतः तिथेच होत आहे.

शाश्वतता: एक जुना धडा व एक नवी कसोटी

एखादा उद्योग मावळताना त्यातील माणसांचे काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो विधिवत् संपलाच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद होत गेल्या. कामगारांच्या फेरप्रशिक्षणासाठी म्हणून १९९२ साली केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला, तो बव्हंशी स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात खर्ची पडला. गिरणीच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम होते; गिरणगावच्या मुलांसाठी तसे कलम कोणी लिहिले नाही.

आता तोच प्रश्न विदर्भात येऊ घातला आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. ते, कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी यांवर मिळून या पट्ट्यातील कायम, कंत्राटी व वाहतुकीच्या कामावरील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. आज सोळाव्या वर्षी चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये प्रवेश घेणारा मुलगा साठ वर्षांचा होईल तो त्याच सुमारास. म्हणजे या सबंध परिवर्तनाचा काळ त्याच्या नोकरीचा काळ असणार आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१५ मध्ये न्याय्य संक्रमणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि झारखंडने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यदल नेमले. महाराष्ट्रात सौर बाजू अधिक वेगाने पुढे गेली आहे: २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आता जिल्ह्याजिल्ह्यांत दिसते, केंद्राच्या सूर्यमित्र योजनेखाली सौर पट्ट्या बसवणारे तरुण तयार होतात.

येथे दोन मते आहेत. एका मताप्रमाणे हरित उद्योग कोळशाहून अधिक हातांना काम देतील, आणि ते काम गावोगाव विखुरलेले असल्याने स्थलांतर कमी होईल. दुसऱ्या मताप्रमाणे सौर प्रकल्पात माणसे लागतात ती उभारणीच्या काही महिन्यांत. नंतर पट्ट्या धुणारे, गवत काढणारे व एखाद-दुसरा तंत्रज्ञ पुरतो. शिवाय खाणीतील कायम कामगाराचे वेतन, निवास, दवाखाना आणि निवृत्तिवेतन यांच्याशी कंत्राटावरील सौर कामगाराच्या स्थितीची तुलना होऊ शकत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. कामांची संख्या व कामांची प्रत यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला तर वादाचा निम्मा भाग मिटण्यासारखा आहे.

पाबळ व कारखान्यातील उमेदवारी

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशात पीएच.डी. करून मोठ्या कंपनीत संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाने शाळा सोडलेल्या मुलांना संधातकाम, बांधकाम, शेती-पशुपालन, वीजजोडणी व घर-आरोग्य या विषयांतून एकाच वेळी अनेक कामे शिकवली, आणि ती गावाच्या खऱ्या गरजा भागवीत शिकवली. शेड उभारली तर ती कोणाची तरी असे, विहिरीची जागा पाहिली तर ती कोणाच्या तरी शेतात असे. हाच अभ्यासक्रम मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख म्हणून राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. एकाच कामात निष्णात होण्याऐवजी चार कामांत हात बसलेला मुलगा बदलत्या काळात अधिक तग धरतो, असे या प्रयोगाचे प्रतिपादन आहे, आणि ग्रामीण भागात ते पटते. मोठ्या कारखान्याला मात्र एका यंत्रावर निष्णात माणूस लागतो. शिवाय असा प्रयोग शेकडो शाळांत नेताना समर्पित शिक्षकाची जागा तासिकेवरील कंत्राटी शिक्षक घेतो, तेव्हा त्यातील प्राण किती उरतो, हेही पाहावे लागते.

उमेदवारीच्या पद्धतीविषयी सर्व पक्षांत बरेच मतैक्य आहे; कारखान्यात शिकलेले लवकर अंगवळणी पडते हे कोणी नाकारीत नाही. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा २०१४ मध्ये सौम्य करण्यात आला, आणि २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावयाचे आहेत. कामगार संघटना म्हणतात की उमेदवार हा स्वस्त कामगार झाला आहे, मुदत संपताच त्याला घरी पाठवून दुसरा घेतला जातो. लहान कारखानदार म्हणतात की आम्ही दोन वर्षे खर्च करून शिकवावे आणि शेजारच्या मोठ्या कंपनीने चार हजार अधिक देऊन न्यावे, हा कोणता न्याय. जर्मनीत या दोन्ही तक्रारींवर उद्योगांच्या चेंबर, कामगार संघटना व सरकार यांच्या त्रिपक्षीय देखरेखीचा उपाय रुजला आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये त्या देशातील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पण इथली माणसे तिथे नेण्याची व्यवस्था आणि तिथली संस्था इथे आणण्याची व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अनिर्णीत मुद्दे

पहिला मुद्दा वयाचा. व्यवसायाची निवड चौदाव्या वर्षी करावी, की दहावी-बारावीपर्यंत सर्वांना एकच व्यापक शिक्षण देऊन मग? लवकर निवडीने गळती थांबते असे काहींना वाटते, तर लवकर निवडीने जात व वर्ग पक्के होतात असे इतरांना. दुसरा मुद्दा यंत्रबुद्धीचा. पुण्या-मुंबईतील माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत नव्या पदवीधरास पहिली दोन वर्षे जे साधे काम दिले जाई, तेच यंत्राकडे जाऊ लागले, तर वरच्या कामाला तयार होण्याची पायरीच नाहीशी होते. याचे परिणाम अद्याप उलगडावयाचे आहेत, आणि त्यावर ठाम भाकिते करणाऱ्यांच्या बाजूने फारसा पुरावा नाही. तिसरा मुद्दा भाषेचा: गज्जरांनी सोडवलेला प्रश्न आज पुन्हा उभा आहे, कारण विद्युत वाहनाच्या बॅटरीवर किंवा सौर इन्व्हर्टरवर मराठीत लिहिलेले चांगले पाठ्यपुस्तक मुलाच्या हाती क्वचितच पडते.

चौथा आणि प्रस्तुत लेखकास सर्वांत निकडीचा वाटणारा मुद्दा मोजमापाचा आहे. २००९ पासून आजतागायत योजनांचे यश किती जणांनी प्रशिक्षण घेतले यावर मांडले जाते. प्रशिक्षण पुरे झाल्यानंतर एका वर्षाने तो मुलगा वा ती मुलगी कोणत्या कामावर आहे, किती वेतनावर, भविष्यनिर्वाह निधीत त्यांचे खाते आहे की नाही, आणि तीन वर्षांनी तेच काम टिकले काय, याची नोंद प्रत्येक संस्थेने ठेवून जिल्हावार प्रसिद्ध करण्याचे बंधन अद्याप रुजलेले नाही. वास्तविक आधार क्रमांक व भविष्यनिर्वाह निधीचे दफ्तर दोन्ही हाताशी असताना हे काम अशक्य राहिलेले नाही. ती नोंद जात, लिंग व दिव्यांगत्वाच्या वर्गवारीने झाली, तर वर सांगितलेल्या तीन भूमिकांपैकी कोणती कोणत्या जिल्ह्यास किती लागू पडते हे पाहता येईल; आणि चंद्रपूरसाठी आखावयाचा अभ्यासक्रम चाकणच्या अभ्यासक्रमाहून कोठे वेगळा हवा, हे ठरवणाऱ्या निदेशकाच्या हाती काहीतरी आधार असेल.